स्वित्झर्लंडच्या सायकलवाटा : टेकड्या, जंगलं आणि एका शिक्षकाची सहल



मागच्या महिन्यात परिसर अभ्यासाच्या तासाला 'वाहतुकीची साधने' हा घटक चालू होता. सायकलचा विषय निघाला. मी सहज म्हणाले, "स्वित्झर्लंडसारख्या डोंगराळ देशात लोक सुट्टी काढून सायकलवर फिरायला जातात." लगेच चौथीतल्या एका मुलाने हात वर केला. "बाई, डोंगराच्या देशात सायकल कशी चालवतात? चढावर ढकलतच नेत असतील ना?" वर्ग हसला. पण मुलगा हसला नाही. त्याचा पुढचा प्रश्न होता, "आणि तिथे ट्रक नसतात का?"

हा दुसरा प्रश्न कुठून आला, ते मला ठाऊक होतं. त्याची मोठी बहीण आमच्याच शाळेतून शिकून शेजारच्या गावी हायस्कूलला जाते. गेल्या पावसाळ्यात डांबरी रस्त्याने सायकलवर जाताना एक मोठी गाडी अगदी जवळून गेली आणि ती पोर सायकलसकट कडेच्या चारीत पडली. हात मोडला, तीन आठवडे शाळा बुडाली. तेव्हापासून तिची सायकल पडवीत उभी आहे. आता ती वडाप मिळालं तर शाळेत जाते, नाही तर घरी राहते.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं तेव्हा माझ्याकडे नव्हती. म्हणून घरी येऊन नकाशे उघडले आणि वाचत बसले. मी स्वतः काही स्वित्झर्लंडला गेलेले नाही. पण जे समजलं ते इतकं उपयोगाचं वाटलं की तुमच्यापर्यंत पोहोचवायचं ठरवलं. चला तर मग!

१) आधी देश समजून घेऊ

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला बर्फ आणि सिनेमातली गाणी आठवतात. प्रत्यक्षात या देशाचे तीन पट्टे आहेत. दक्षिणेला आल्प्स पर्वत. त्याने देशाचा साधारण ६० टक्के भाग व्यापलेला आहे. वायव्येला जुरा नावाची कमी उंचीची डोंगररांग, सुमारे १० टक्के. या दोघांच्या मधला ३० टक्क्यांचा पट्टा म्हणजे मिटेललँड, म्हणजेच 'मधला प्रदेश'. बहुतेक शेती, मोठी शहरं आणि देशाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या याच मधल्या पट्ट्यात आहे.

देशाचं एकूण क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा. म्हणजे महाराष्ट्रात सात स्वित्झर्लंड मावतील आणि वर थोडी जागा उरेल! (मुलांना हा भागाकार जरूर करायला लावा.)

मधला पट्टा नावाला सपाट आहे, पण खरा सपाट नाही. टेकडी, उतार, ओढा, पुन्हा टेकडी, असं चाललेलं असतं. सायकलवरून लांब फिरणाऱ्यांना हाच भाग जास्त आवडतो. बर्फाची शिखरं लांबून दिसत राहतात आणि चाक मात्र कुरणांतून, जंगलांतून फिरत असतं.

२) टेकड्या अशा का झाल्या?

आल्प्स पर्वत वर येत असताना नद्यांनी त्यांची झीज करून दगड, गोटे, वाळू उत्तरेकडे आणून टाकली. लाखो वर्षांत त्यांचे थर घट्ट झाले. काही ठिकाणी वाळूचा खडक तयार झाला. काही ठिकाणी गोलगोल गोटे सिमेंटमध्ये बसवल्यासारखा खडक झाला.

पुढे हिमयुगात हिमनद्यांनी मधल्या पट्ट्याचा बराच भाग घासून काढला. पण बर्न शहराच्या पूर्वेला नाप्फ नावाचा १,४०८ मीटर उंचीचा डोंगर आहे, त्याच्या आसपासचा भाग शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या वरच राहिला. तिथे बर्फाने घासलं नाही, ओढ्यांनी खणलं. त्यामुळे नाप्फच्या चारही बाजूंना अरुंद खोल घळी आणि त्यांच्यामध्ये धारदार कडा अशी रचना दिसते. नकाशात वरून पाहिलं तर हाताची बोटं पसरल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे या ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे बारीक कण सापडतात आणि आजही हौशी लोक थाळी घेऊन वाळू गाळत बसतात.

याच भागातून एमे नावाची नदी वाहते. तिथल्या जर्मन भाषेत 'टाल' म्हणजे खोरं. म्हणून या प्रदेशाचं नाव एमेंटाल. मोठ्या भोकांच्या ज्या चीजचं चित्र आपण पुस्तकात पाहतो, ते इथलंच.

३) लाल पाटी कशी वाचायची?

आता मुख्य मुद्दा. अनोळखी देशात, टेकड्या-जंगलांतून जाताना सायकलवाला चुकत कसा नाही? कारण वाटेवर पाट्या आहेत, आणि साऱ्या देशात त्या एकाच पद्धतीच्या आहेत.

- पायी चालणाऱ्यांसाठी पिवळी पाटी.
- सायकलवाल्यांसाठी गडद लाल पाटी, तिच्यावर पांढरी सायकल.
- त्या लाल पाटीवर फिकट निळ्या चौकोनात मार्गाचा क्रमांक.

क्रमांकाचीही शिस्त आहे. एक अंकी क्रमांक असेल तर तो राष्ट्रीय मार्ग, दोन अंकी असेल तर प्रादेशिक आणि तीन अंकी असेल तर स्थानिक. म्हणजे क्रमांक पाहूनच कळतं की हा रस्ता किती लांब जाणार आहे.

राष्ट्रीय सायकलमार्ग १ ते ९ असे नऊ आहेत. ते १९९८ साली सुरू झाले. नऊ मिळून लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर भरते. त्यातले काही पाहा :

- मार्ग २ : ऱ्हाईन नदीच्या सोबतीने, आंडरमाट ते बासेल.
- मार्ग ४ : आल्प्सच्या पायथ्याच्या टेकड्यांवरून. यात चढ भरपूर.
- मार्ग ५ : मिटेललँडमधून, रोमान्सहोर्न ते लोझान. यात चढ कमी, नवशिक्यांना सोपा.
- मार्ग ८ : आरे नदीच्या उगमाकडून ती ऱ्हाईनला मिळते त्या कोब्लेन्झ गावापर्यंत.
- मार्ग ९ : एका तलावाकडून दुसऱ्या तलावाकडे, मोंट्रो ते रोरशाख.

याशिवाय ९९ क्रमांकाचा एक प्रसिद्ध प्रादेशिक मार्ग आहे, हेर्त्सरूट. 'हेर्त्स' म्हणजे हृदय. लोझानपासून रोरशाखपर्यंत सुमारे ७२० किलोमीटरचा हा मार्ग १३ टप्प्यांत विभागलेला आहे आणि तो मुद्दामच टेकड्यांवरून नेलेला आहे. सगळे चढ एकत्र केले तर दहा हजार मीटरच्या वर जातात. आपलं कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून कळसूबाईवर सहा वेळा चढल्यासारखं झालं!

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. या तीन हजार किलोमीटरच्या मार्गांसाठी तीन हजार किलोमीटर नवे रस्ते बांधले का? नाही. बहुतेक ठिकाणी आधीपासून असलेलेच बारीक रस्ते निवडले. शेतावर जाणारे, दूध नेण्याचे, लाकडं वाहण्याचे, नदीच्या बांधावरचे. ते एकमेकांना जोडले, त्यांवर पाट्या लावल्या आणि त्या पाट्यांची देखभाल ठेवली. जिथे जोड मिळत नव्हता तिथे तेवढाच तुकडा नवा केला.

पण इतके बारीक रस्ते तिथे होते कसे? एमेंटालमध्ये वस्ती एका जागी नाही. प्रत्येक शेतकऱ्याचं घर त्याच्या शेतावर, टेकडीवर एकटं उभं. घरोघरी गाई, आणि दूध चीजच्या कारखान्यात रोज पोहोचलंच पाहिजे. मग प्रत्येक टेकडीवर गाडी जाईल एवढा रस्ता हवाच. दुधासाठी झालेले रस्ते सायकलच्या कामी आले.

४) चला, एक दिवस सायकलवर जाऊ

समजा तुम्ही सकाळी बर्गडॉर्फ स्टेशनवर उतरलात. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५३० मीटर. मान वर केली की टेकडीवर जुना किल्ला दिसतो.

डी.एड. केलेल्या प्रत्येकाने या किल्ल्याकडे दोन मिनिटं बघावं. आपण अभ्यासात पेस्टॉलॉझी घोकला होता ना? 'मस्तक, हृदय आणि हात' म्हणणारा? १८०० ते १८०४ या काळात त्याची शाळा याच किल्ल्यात होती. 'गर्ट्रूड आपल्या मुलांना कसे शिकवते' हे त्याचं पुस्तक १८०१ सालचं, म्हणजे इथल्याच मुक्कामातलं. बालवाडीचा जनक फ्रोबेल यानेही १८३५-३६ मध्ये बर्गडॉर्फमध्ये काम केलं. आता त्या किल्ल्यात संग्रहालय आहे आणि युवा वसतिगृहही आहे. म्हणजे सायकलवर फिरणारा माणूस पेस्टॉलॉझीच्या शाळेत रात्री झोपू शकतो! मला तर ही गोष्ट वाचूनच आनंद झाला.

इथून तुमच्यापुढे दोन पर्याय. नदीकाठाने गेलात तर वाट जवळजवळ सपाट. ९९ क्रमांकाच्या पाटीमागे गेलात तर टेकड्या. आपण आधी थोडं नदीकाठाने जाऊ.

काही किलोमीटरवर हासले-रूएग्साऊ इथे एक लाकडी पूल लागतो. १८३७ साली एमे नदीला मोठा पूर आला, त्यानंतर बांधलेला हा पूल १८३९ मध्ये पुरा झाला. एका दमात सुमारे ५८ मीटर अंतर ओलांडणारी लाकडी कमान, मध्ये खांब नाही. पुढे १९५० च्या दशकात रस्त्याची गरज वाढली तेव्हा तो पूल तोडून टाकला नाही. सुटा करून थोड्या अंतरावर पुन्हा उभा केला. आज त्यावरून पायी चालणारे आणि सायकलवाले जातात.

या पुलाला घरासारखं छप्पर आहे. का बरं? विचार करा. लाकूड पावसात भिजत राहिलं तर कुजतं. छपरामुळे मुख्य तुळया कोरड्या राहतात. छप्पर खराब झालं तर ते बदलायचं, पूल तसाच राहतो. एमेंटालमध्ये असे छपराचे पूल अनेक आहेत.

आता टेकडीकडे वळू. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं. शेतकऱ्यांच्या घरांची छपरं इतकी खाली उतरलेली की पहिला मजला झाकला जावा. माणसं, गुरं आणि गवताचा साठा एकाच छपराखाली. मोठ्या घराशेजारी बऱ्याचदा एक छोटं घर दिसतं. त्याला तिकडे 'श्टोक्ली' म्हणतात. शेती मुलाच्या हाती दिली की म्हातारे आईवडील त्या छोट्या घरात राहायला जातात. एकाच अंगणात, पण चूल वेगळी. आपल्याकडच्या लोकांना हे लगेच समजेल!

वाटेत गावोगावी वाहत्या पाण्याचे हौद असतात. बाटली भरून घ्यायची. फक्त 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही. त्याचा अर्थच 'पिण्याचे पाणी नव्हे'.

माथ्यावर पोहोचलात आणि हवा स्वच्छ असली तर दक्षिणेला आयगर, म्योंश आणि युंगफ्राऊ ही बर्फाची शिखरं दिसतात. युंगफ्राऊ ४,१५८ मीटर. मग उतार, आणि संध्याकाळी लांगनाऊ. नदीकाठाने आलात तर अंतर २०-२५ किलोमीटर, टेकड्यांवरून आलात तर त्याच्या दुपटीच्या आसपास धरा. घाई कुणालाच नसते.

५) 'चढावर ढकलतच नेतात ना?' : गिअरचं गणित

आता त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. काही जण ढकलतातही, त्यात लाज काही नाही. पण बरेचसे चढ गिअरमुळे चालवत पार करता येतात.

समजा चाकाचा परीघ २.१ मीटर आहे. पुढच्या दातेरी चकतीला ४४ दाते आणि मागच्या चकतीला ११ दाते. पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक ४४ ÷ ११ = ४ फेरे मारेल. सायकल ८.४ मीटर पुढे जाईल. सपाटीवर उत्तम, चढावर मात्र पाय हलणार नाही.

आता साखळी बदलून पुढे २८ आणि मागे २८ दाते घेतले. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा. सायकल फक्त २.१ मीटर पुढे जाईल. पण पायाला जोर चौथा हिस्साच लागेल. तेवढाच डोंगर चढायला फेरे चौपट मारावे लागतील, एवढंच. एकूण काम तेवढंच राहतं, ते आपण थोडं थोडं करून करतो. पायरीपायरीने माळ्यावर चढतो तसं.

चढ मोजायची रीतही सोपी. १०० मीटर रस्ता पुढे गेल्यावर ८ मीटर उंची वाढली, तर चढ ८ टक्के. शतमान शिकवताना हे उदाहरण वापरा, मुलं विसरत नाहीत.

आणि आता मोटारची मदत देणाऱ्या ई-सायकली आल्यात. त्यांतल्या साध्या प्रकारात पायडल मारत राहिलं तरच मोटार मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरनंतर मदत थांबते. ९९ क्रमांकाच्या मार्गावर अशा सायकली भाड्याने घेऊन साठी-सत्तरीतली मंडळीही टेकड्या चढतात.

६) जंगलातून जाताना

देशाचा जवळपास एक तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. मधल्या पट्ट्यात बीच नावाचे पानझडी वृक्ष, आणि स्प्रूस, फर असे सूचिपर्णी वृक्ष. उन्हातून येऊन या सावलीत शिरलं की एकदम गारवा लागतो.

पण हे जंगल आपोआप टिकलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात तिथेही बेसुमार तोड झाली होती. १८६८ साली आल्प्समध्ये मोठे पूर आले. उघड्या डोंगरांमुळे नुकसान वाढलं, हे लोकांच्या लक्षात आलं. १८७६ मध्ये डोंगराळ भागासाठी देशपातळीवरचा वनकायदा झाला आणि पुढे तो साऱ्या देशाला लागू झाला. आजही तिथे जंगल तोडून जमीन दुसऱ्या कामाला वापरायची असेल तर खास परवानगी लागते.

एमेंटालमध्ये तर झाडं काढण्याची जुनी रीतच वेगळी. सगळं रान एकदम साफ करत नाहीत. पिकलेलं एकेक झाड निवडून काढतात. त्यामुळे एकाच जंगलात रोप, तरणं झाड आणि जुनं झाड शेजारी शेजारी उभं असतं. लाकूडही मिळतं आणि जंगलही उभं राहतं.

आणखी एक चांगला नियम. तिथल्या नागरी कायद्याच्या ६९९ व्या कलमानुसार जंगलात आणि कुरणात, मालक कुणीही असो, कुणालाही फिरता येतं, रानातली बोरंबेरी आणि अळंबी रिवाजाप्रमाणे गोळा करता येतात. मात्र जंगलातल्या रस्त्यावर मोटारगाडी फक्त वनाच्या कामासाठीच. म्हणजे लाकडाचा ट्रक एखाद्या वेळी भेटेल, पण एरवी रस्ता पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. "तिथे ट्रक नसतात का?" या प्रश्नाचं हे निम्मं उत्तर झालं. ट्रक असतात, पण सायकलची वाट होईल तेवढी त्यांच्या वाटेपासून बाजूला काढलेली असते.

जंगलातून जाताना काळजी काय घ्यायची? पायवाटेवर चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. वादळ होऊन गेल्यावर लगेच आत शिरायचं नाही, फांद्या पडतात. आणि संध्याकाळी अंग तपासायचं, कारण तिथल्या गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे आजार होऊ शकतात.

७) दमलात तर रेल्वे आहे

तिकडे सायकल रेल्वेत घेऊन बसता येते. सायकलचं वेगळं तिकीट काढायचं. लांब पल्ल्याच्या गाड्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. बऱ्याच स्टेशनांवर सायकल भाड्याने मिळते, आणि एका स्टेशनवर घेतलेली सायकल दुसऱ्या स्टेशनवर परत करता येते. त्यामुळे म्हातारी माणसं, लहान मुलांचे आईवडील यांनाही धीर येतो. पाऊस आला, पाय दुखला, पोरगं रडायला लागलं, तर पुढचं स्टेशन गाठायचं.

मुलांना रस्त्यावर सायकल चालवायचं शिक्षण तिथे शाळेतच मिळतं. पोलिस शाळेत येऊन नियम शिकवतात आणि बऱ्याच ठिकाणी मुलांची सायकलची परीक्षाही घेतात. २०२१ पासून १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना, जिथे सायकलची पट्टी नाही तिथे, पादचारी मार्गावरून सायकल चालवायला मुभा आहे.

८) एका शिक्षकाची सहल

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते.

झुरिक तलावाच्या काठी माइलेन नावाचं गाव आहे. तिथे योहान याकोब एस नावाचे शिक्षक होते. १९३० च्या सुमारास ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन क्लाउसेन खिंडीतून पायी सहलीला गेले. ही खिंड १,९४८ मीटर उंचीवर आहे. तेव्हा मोटारगाड्या नव्यानेच वाढत होत्या. या खिंडीच्या रस्त्यावर तर मोटारींच्या शर्यतीही होत. मुलांना घेऊन चालणाऱ्या शिक्षकाला त्या रस्त्यावर मोटारींचा भयंकर त्रास झाला.

आपण काय केलं असतं? पुढच्या वर्षी सहल दुसरीकडे नेली असती, बरोबर ना? एस गुरुजींनी विचार केला की चालणाऱ्यांना त्यांची स्वतःची वाट पाहिजे आणि ती ओळखायला पाटी पाहिजे. त्यांनी ओटो बिंडर यांच्यासह माणसं जमवली आणि १९३४ मध्ये चालवाटांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली. पिवळ्या पाट्या लागू लागल्या. आज अशा पाट्या लावलेल्या पायवाटांची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे.

गोष्ट इथे संपत नाही. १९७९ मध्ये तिथल्या मतदारांनी पायवाटांना थेट देशाच्या घटनेत जागा दिली. आज ते घटनेतलं ८८ वं कलम आहे. पुढे एक लाखाहून जास्त लोकांनी सह्या करून मागणी केली की सायकलवाटांनाही हाच दर्जा द्या. त्यातून २३ सप्टेंबर २०१८ रोजी मतदान झालं. ७३.६ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं आणि त्याच ८८ व्या कलमात पायवाटांच्या शेजारी सायकलवाटा हे शब्द आले. त्यावर आधारलेला कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. आता तिथल्या राज्यांनी, म्हणजे कँटन्सनी, २०२७ अखेरपर्यंत सायकलवाटांचे आराखडे करायचे आहेत आणि २०४२ अखेरपर्यंत ते प्रत्यक्षात आणायचे आहेत.

मुदत बघा, २०४२! म्हणजे तिथेही सगळं झालेलं नाही. शहरांत, मोठ्या रस्त्यांवर सायकलवाल्यांना अजून धोका आहे, म्हणूनच तर कायदा करावा लागला. सहलीपासून कलमापर्यंत यायला ऐंशीहून जास्त वर्षं लागली.

९) आणि आमच्या वर्गात काय झालं?

पेस्टॉलॉझीची पुढची शाळा इव्हर्डनला होती, १८०५ पासून वीस वर्षं. (तो मार्ग क्रमांक ५ इव्हर्डनवरूनच जातो.) तिथे भूगोल कसा शिकवत? मुलांना जवळच्या ओढ्याच्या घळीत न्यायचे. आधी नीट बघायला लावायचे. मग तिथलीच माती टोपल्यांत भरून आणायची आणि शाळेतल्या टेबलावर मुलांनी त्या घळीची प्रतिकृती बनवायची. नकाशा त्यानंतर.

मीही तसंच करून पाहिलं. शनिवारी चौथीची मुलं आणि दोन पालक सोबत घेऊन गावापासून हायस्कूलपर्यंत दोन वाटांनी चालत गेलो. जाताना डांबरी रस्त्याने, येताना जुन्या पाणंदीने. मुलांनी पावलं मोजली, मोठ्या गाड्या मोजल्या, वळणं लिहून घेतली. डांबरी रस्त्यावर पाऊण तासात ३८ मोठ्या गाड्या गेल्या. पाणंदीवर एक बैलगाडी आणि दोन दुचाक्या. पाणंद सुमारे ६०० मीटरने लांब पडते. दोन ठिकाणी पावसाळ्यात चिखल होतो आणि एका ठिकाणी बाभळीच्या फांद्या वाटेवर आल्यात. बाकी वाट चांगली आहे. हे काही माझ्या ध्यानात आलं नसतं, रोज मीही दुचाकीने डांबरी रस्त्यानेच येते.

मुलांनी शाळेच्या ओट्यावर मातीचा नकाशा केला. चिखलाच्या दोन जागांवर लाल कागद लावले. तो नकाशा आम्ही पालकसभेत दाखवला. फांद्या दुसऱ्याच दिवशी एका पालकांनी तोडून दिल्या. चिखलाच्या जागी मुरूम टाकावा, असा अर्ज ग्रामसभेसाठी लिहिला आहे. मुरूम कधी पडेल, सांगता येत नाही. पावसाळ्याआधी पडला तर बरं होईल, नाही तर जून-जुलैत तीच अडचण पुन्हा येणार.

पाणंदीच्या तोंडाला मुलांनी एक पाटी लावली आहे. पत्र्याच्या डब्याचं झाकण, लाल रंग आणि वर पांढरी सायकल. सायकलचं पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं झालंय, पण ओळखू येतं.

आणि ती मुलगी? ती अजून वडापनेच जाते. पण परवा तिचा भाऊ वर्गात येऊन सांगत होता, "बाई, पप्पांनी ताईच्या सायकलला हवा भरली."

वर्गात घेण्यासारखे उपक्रम

१. घर ते शाळा या रस्त्याचा नकाशा काढा. धोक्याच्या जागा लाल रंगाने दाखवा.
२. आपल्या सायकलचे पुढचे आणि मागचे दाते मोजा. पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती फेरे मारते ते काढा, मग खडूने खूण करून खरं अंतर मोजा आणि दोन्हींची तुलना करा.
३. गावातल्या जुन्या पाणंदी, शिवरस्ते, गाडीवाटा यांची नावं आजी-आजोबांना विचारून लिहा.
४. पाच पुठ्ठे घेऊन पाट्या बनवा. शब्द न वापरता, फक्त चित्र आणि रंगाने सूचना कळली पाहिजे.

विचार करा, उत्तरे लिहा

१. एमेंटालमधील लाकडी पुलांना छप्पर का असते?
२. नाप्फ डोंगराच्या आसपास खोल घळी का तयार झाल्या?
३. एक अंकी, दोन अंकी आणि तीन अंकी सायकलमार्गांत काय फरक आहे?
४. तुमच्या गावात सायकलसाठी वाट निवडायची असेल तर कोणती निवडाल? कारण लिहा.

तुमच्या शाळेत हा उपक्रम घेतलात तर मुलांनी काढलेले नकाशे जरूर जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते दाखवून काय बदललं, काय तसंच राहिलं, हे विचारता येईल.